सत्तेचाळीस नंबरची इस्त्री

६ जुलै
नदीकाठचा तळ

आत्या,

नमस्कार करतो आणि लगेच तुझ्या इस्त्रीच्या खोलीकडे वळतो, कारण होडी सुटायला थोडाच वेळ आहे.

मी पोचलो. धडधाकट आहे, फक्त पायाला अकरा जळवा लागल्या होत्या, त्या काढल्या. जंगल राखीव असल्यामुळे इथलं एक पान तोडायलाही परवाना लागतो. तो साहेबांच्या खिशात तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला असतो आणि दर तासाला ते तो चाचपून बघतात. बाबा विचारतील तेव्हा त्यांना सांग की काम अगदी सोपं आहे. नदीच्या दोन्ही काठांनी चालायचं आणि आल्याच्या कुळातलं जे जे दिसेल ते नोंदवायचं. आलं, हळद, वेलदोडा, सोनटक्का ही सगळी एकाच घरातली. त्यांची रानटी भावंडं इथे किती आहेत हे अजून कोणी नीट बघितलेलं नाही. मोसम संपेपर्यंत यादी पुरी झाली आणि साहेबांच्या पसंतीला उतरली, तर मी कायम होणार. नाही उतरली, तर बाबांच्या टायरच्या दुकानात गल्ल्यामागे. हा एक मोसम तूच त्यांच्याकडून भांडून मागून घेतलास, म्हणून तुलाच पहिलं पत्र.

आता अडचण सांगतो. आमची झाडं अंगाने पाणीदार. ती कागदात दाबून वाळवायची असतात, पण इथल्या दमट हवेत ती वाळायच्या ऐवजी कुजतात. एक स्टोव्ह आहे, पण त्याच्यावर कायम साहेबांचे मोजे वाळत असतात आणि साहेब म्हणतात, पाय शाबूत तर सर्वेक्षण शाबूत. माझ्या माहितीतली सगळ्यात कोरडी, सगळ्यात गरम जागा म्हणजे तुझ्या लाँड्रीतली इस्त्रीची खोली. दर शनिवारच्या होडीने एक गठ्ठा पाठवतो. प्रत्येक झाडाला नंबर बांधलेला आहे. तू फक्त ओले कागद काढून कोरडे घालायचे. कागद बदलायचे, आत्या, बाकी काही करायचं नाही.

साहेबांना मी एवढंच सांगितलंय की शहरात एका कोरड्या जागेची सोय आहे. ती लाँड्री आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तुझा,
ओलाचिंब भाचा

१२ जुलै

भाच्या,

तुझं गाठोडं मिळालं. आणणाऱ्याने ते हातभर लांब धरलं होतं आणि माझ्या हातात दिल्यावर त्याने शर्टाला हात पुसले. आत एक गोगलगाय निघाली. तिला नंबर नव्हता, म्हणून वरच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या कुंडीत सोडली. मास्तर आता निवृत्त झालेत आणि गच्चीत झाडं लावतात, त्यांना तेवढीच सोबत.

खोली दिली. भट्टीजवळचं पडद्यांचं टेबल तुझ्या झाडांना मोकळं केलं. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. चाळीस वर्षांत माझ्या लाँड्रीतून एक वस्तू डाग, भोक किंवा सुरकुती घेऊन बाहेर गेलेली नाही. आणि तुझी ही झाडं! चिखल काय, भोकं काय, एका पानाच्या कडा तर कोणीतरी कुरतडून नुसती झालर करून ठेवलीय. ही असली झाडं तू मोठ्या माणसांना दाखवणार आणि वर त्यांनी तुला कायम करायचं? बनियनवर कोणी मुलाखतीला जातं का?

तुझ्या बापाला सांगितलं की काम सोपं आहे. तो म्हणाला, सोपं आहे तर त्यासाठी माणूस कायम कशाला ठेवतील. उंटावरचा शहाणा. लहानपणापासून असाच आहे, मी मोठी बहीण असून माझं कधी ऐकलं नाही.

मास्तरांनी विचारलंय, कर्दळ तुमच्या कुळात येते का? पान तसंच, उंची तशीच, ऐट तशीच. नसेल तर का नाही ते कळव. मास्तर पैज लावून बसलेत.

जेवत जा.

आत्या

२० जुलै

आत्या,

तुझा गठ्ठा परत आला आणि तळावर खळबळ उडाली. साहेबांनी एकेक कागद भिंगाखाली धरला आणि म्हणाले की इतकं सुरेख वाळवण त्यांनी तीस वर्षांत पाहिलेलं नाही. पानांचा हिरवा रंगसुद्धा टिकलाय. मला पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या हाताने चहा दिला.

पण आत्या, नऊ नंबरच्या पानावर शर्टाच्या बाहीसारखी इस्त्रीची घडी आहे. साहेबांनी ती शीर समजून तिची लांबी मोजली आणि वहीत लिहिली. आणि चौदा नंबरला खळीचा वास येतोय. हे करू नकोस. चिखल चालतो, भोकं तर हवीतच. कुठल्या किड्याने कुठे खाल्लं, हेसुद्धा आम्हाला उपयोगी पडतं.

कर्दळ आमच्या कुळात नाही. तिच्या फुलात कामाचा पुंकेसर अर्धाच असतो, आमच्याकडे एक पण अख्खा. चुलत घराणं म्हण. मास्तर पैज हरले असतील तर त्यांना हेही सांग की आमच्याकडे दोन गोष्टी आधी बघतात. पान दांड्याला मिळतं तिथे एक छोटीशी पातळ जिभळी असते, ती कशी आहे. आणि फुलोरा जमिनीलगत वेगळा उगवतो की दांड्याच्या शेंड्यावर येतो. नुसत्या एवढ्यावरून अर्धी ओळख पटते.

ह्या वेळच्या गठ्ठ्यात एकोणसाठपर्यंत नंबर आहेत. जपून.

भाचा

२ ऑगस्ट

भाच्या,

पत्राला उशीर झाला. कारण काही नाही.

गठ्ठा पाठवलाय. सगळे नंबर आहेत, मी दोनदा मोजले. जितके आले तितके गेले, एक कमी नाही.

इस्त्रीची तार नवी बसवली. जुनी फार तापायची.

मास्तर विचारत होते, दोन झाडं दिसायला अगदी सारखी असली तर तुमच्या साहेबांना फरक कळतो का. आणि समजा एखादा नंबर यादीत नसलाच, तर बाकीची यादी चालते की सगळीच रद्द होते. हेही मास्तरच विचारत होते. मला काय करायचंय.

आत्या

१० ऑगस्ट

आत्या,

मास्तरांना ह्या विषयाची इतकी गोडी लागली हे वाचून फार बरं वाटलं. त्यांना सांग, साहेबांना फरक कळतो. डोळे मिटून नुसत्या पानाच्या वासावरून कळतो.

आणि आता बातमी. सत्तेचाळीस नंबर! गठ्ठा सोडला, साहेब एकेक कागद उलटत होते, सत्तेचाळीसवर आले. मग भिंग घेतलं. मग दुसरं भिंग घेतलं. मग उठून स्टोव्हवरचे मोजे स्वतः काढून खाली ठेवले आणि म्हणाले की ह्या जंगलात हे झाड आजवर कोणाला मिळालेलं नाही, कदाचित कुठेच मिळालेलं नसेल. एवढं मोठं फूल, अशा पाकळ्या, दोन वेगवेगळ्या जातींचे गुण एकाच झाडात!

मला मात्र ते तोडल्याचं आठवेना. वही काढली. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'फुलोरा जमिनीलगत, तांबूस, कळ्या मिटलेल्या. जिभळी केसाळ.' आणि समोरच्या झाडाचं फूल तर शेंड्यावर उमललेलं, जिभळी गुळगुळीत. साहेब म्हणाले की तू त्या दिवशी जळवांनी बेजार होतास, भलतंच लिहिलं असशील, वाळलेलं झाड काही खोटं बोलत नाही. तेही खरंच. मी ती ओळ खोडली.

ते म्हणाले की हे झाड जंगलात पुन्हा सापडलं तर माझं कायम होणं पक्कंच. बाबांना सांग. सांगच.

तुझा, हवेत तरंगणारा
भाचा

१६ ऑगस्ट

भाच्या,

तुझ्या बापाला सांगायची वेळच आली नाही. तुझं पत्र आलं तेव्हा तो इथेच बसला होता, माझ्या हातातून ओढून घेतलं आणि दोनदा वाचलं. आता दुकानात येईल त्याला चाकात हवा भरता भरता सांगतोय की माझ्या मुलाने झाड शोधलं. काल एक माणूस नुसता रस्ता विचारायला थांबला होता, त्यालाही सांगितलं. तुझ्याबद्दल तो असं बोलताना मी आजवर ऐकलेलं नाही.

माझं ऐक. उगीच फार खोलात शिरू नये. कधीकधी एखादं झाड एकटंच असतं. एकदा दिसतं आणि मग दिसत नाही, माणसांचंही तसंच असतं. बाकीच्या अठ्ठावन्न झाडांवर मन लाव. ते सत्तेचाळीस नंबर मला तरी भपकेबाज वाटलं. एवढ्या मोठ्या फुलाचं चालचलन काय भरवशाचं?

झाकली मूठ बरी असते, एवढंच म्हणते.

आत्या

२४ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र साहेबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की संशोधकाला असं धीर देणारं माणूस घरी असायला हवं. तू नेमकं काय म्हणालीस ते आम्हा दोघांनाही कळलं नाही, पण धीर आला.

गेले बारा दिवस आम्ही सत्तेचाळीस नंबर शोधतोय. जिथे तोडल्याची नोंद आहे ती ओढ्याकाठची जागा आम्ही हातभर हातभर बघितली. साहेब कमरेपर्यंत चिखलात रुतले. त्यांना ओढून काढलं तेव्हा बूट आतच राहिले, म्हणून ते परत रुतले, ह्या वेळी मुद्दाम. नावाडी झाडावर चढून लांबवर बघत होता. आमचं झाड गुडघ्याएवढं असतं हे त्याला चौथ्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, वर हवा चांगली आहे.

झाड मिळालं नाही. पण साहेबांना आता दम धरवत नाही. त्यांनी मुख्य कार्यालयासाठी अहवाल लिहिलाय, चित्रासकट, आणि तोडणारा म्हणून त्यात माझं नाव घातलंय. पुढच्या शनिवारच्या होडीने तो जाईल. एकदा तिकडे पोचला की माझा कागदही हलेल.

आत्या, मी तुला सांगत नव्हतो, पण पहिल्या दिवसापासून मला वाटायचं की बाबाच बरोबर आहेत. आता वाटत नाही.

भाचा

३० ऑगस्ट

भाच्या,

आधी बस. पाण्यात असशील तर बाहेर ये आणि मग बस.

सत्तेचाळीस नंबर मी जाळला.

तुझा खरा सत्तेचाळीस, ओढ्याकाठचा. त्याला एक सुरकुती होती. तू नको म्हणाला होतास, मी म्हटलं, एकच हात फिरवते. तेवढ्यात तुझा बाप आला आणि म्हणाला की पोराला आताच बोलावून घेतो, दिवाळं निघालंय आयुष्याचं. मी त्याच्याशी भांडायला वळले. तुझं काम हे काम आहे, असं त्याला हात नाचवून सांगत होते, आणि इस्त्री पानावर. वास आला तोवर खाली कोळसा.

लाँड्रीचा एक नियम असतो. तुला कधी सांगितला नाही, कारण तो सांगायचा नसतो. गिऱ्हाइकाचा कपडा जळला तर रडत बसायचं नाही आणि माफीही मागायची नाही. तसाच दुसरा आणायचा, दोनदा धुवून जुना करायचा, घडी घालायची आणि हसून हातात द्यायचा. गिऱ्हाइकाला दुःख नाही, आपली अब्रू शाबूत. मी तेच केलं. मास्तरांच्या गच्चीत त्यांच्या सुनेने नर्सरीतून आणलेलं एक रोप आहे, नर्सरीवाल्याने दोन जाती जुळवून तयार केलेलं. पान तुझ्या झाडासारखंच होतं. जिभळीसुद्धा बघितली, होती. गुळगुळीत की केसाळ, हे बघायचं असतं ते मला काय माहीत? वर फूल होतं. म्हटलं, फुलासकट देऊ, पोराला बरं वाटेल. जळालेल्यापेक्षा चांगलंच दिलं की, असं मला तेव्हा वाटलं होतं.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. आता सांगतेच आहे तर सगळं सांगते. बारा आणि एकतीस नंबरच्या पानांची भोकं मी रफू केलीत. ठिगळ कर्दळीचं आहे. एकतीसच्या वेळी तर ती कुळात नाही हे मला माहीत होतं, तरी केलं.

महिनाभर मला झोप नाही. तुझा बाप चाकाचाकाला तुझं नाव घेतोय आणि मी मान डोलावते. तू गप्प राहा, कोणाला काही बोलू नकोस. काय करायचं ते मी करते.

आत्या

२ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र ज्या होडीने आलं त्याच होडीने अहवाल निघाला होता. मी काठावर उभ्याउभ्याच वाचलं. बसलो नाही. मान वर केली तोवर होडी प्रवाहाला लागलेली. मी कपड्यांसकट नदीत उतरलो, होडी धरली आणि नावाड्याला म्हटलं, पाकीट दे. तो म्हणाला, ज्यांनी दिलं त्यांनाच परत मिळेल. काठावरून साहेब हात हलवत होते. त्यांना वाटलं, मी आनंदाने पाण्यात उतरलोय.

खोटं कशाला बोलू? छातीभर पाण्यात उभं राहून मी दोनदा ठरवलं की जाऊ दे पाकीट. एकदा पोचलं की मी कायम. बाबा चाकाचाकाला नाव घेतायत. झाड पुन्हा मिळालं नाही तर काय, झाडं नसतात कधीकधी, तूच लिहिलं होतंस. मग मी साहेबांना हाक मारली.

काठावर येऊन मी त्यांना सांगितलं की झाड कुंडीतलं आहे आणि ते मीच ठेवलं. खरा नमुना कुजला म्हणून घाबरून ठेवला, असं सांगितलं. साहेबांनी खिशातून परवान्याशेजारी ठेवलेलं एक पाकीट काढलं. ते त्याच होडीने त्यांच्या नावावर आलं होतं, तुझ्या अक्षरातलं. मला न सांगता पाठवलंस. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि घडी घातली.

"एका कुंडीचे दोन चोर," ते म्हणाले. "आणि दोघांपैकी तू वाईट खोटं बोलतोस."

मग त्यांनी माझी वही मागितली आणि खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"इस्त्री त्यांनी फिरवली. कुंडीतलं त्यांनी ठेवलं. पण फुलोरा जमिनीलगत होता हे तू डोळ्यांनी बघितलं होतंस, हाताने लिहिलं होतंस. मी म्हटलं म्हणून खोडलंस. ही चूक त्यांची नाही."

मग वही मिटून ते म्हणाले, "मलाही ते झाड हवंच होतं." आणि आत जाऊन मोजे उलटे करत बसले.

अहवाल परत घेतला. सत्तेचाळीस नंबर यादीतून काढला. बारा आणि एकतीसही काढले, पण त्याआधी साहेबांनी तुझं रफू भिंगाखाली अर्धा तास बघितलं आणि म्हणाले की ह्या बाईंनी सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. पुढच्या मोसमातही वाळवण तुझ्याकडेच पाठवायचं म्हणतात, रीतसर कागद करून. त्या कागदात 'रफू करू नये' असं वेगळं कलम आहे.

पण माझं कायम होणं एक वर्ष पुढे गेलं. ओढ्याकाठी मी जे तोडलं होतं ते काय होतं, हे आता कोणालाच माहीत नाही. माझ्या वहीतल्या एका खोडलेल्या ओळीत ते आहे, तेवढंच. पुढच्या मोसमात ते मला पुन्हा शोधायचं आहे. म्हणजे बाबांनी येऊ दिलं तर. त्यांनी एकच मोसम दिला होता. मी सामान बांधायला घेतलंय. त्यांना कसं सांगायचं ते मला कळत नाही.

तुझ्यावर राग आला होता. एक दिवस होता, आता नाही.

भाचा

९ सप्टेंबर

भाच्या,

सामान सोड.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच टायरच्या दुकानात गेले. चार गिऱ्हाइकं होती. तुझा बाप त्यातल्या दोघांना तुझ्या झाडाची उंची दाखवत होता, आणि ती खांद्याच्या वर गेली होती. मी म्हटलं, बाजूला ये. तो म्हणाला, इथेच बोल, माझ्या पोराची गोष्ट आहे, लपवायचं काय. मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. झाड कुंडीतलं आहे, खरं झाड मी जाळलं, भाच्याने आपणहून कबूल केलं आणि त्यापायी त्याची नोकरी वर्षभर लांबली.

एवढं बोलले आणि पुढे जे बोलायचं होतं ते येईना. साठी उलटली, पण हे वाक्य ह्या जिभेला सवयीचं नाही. शेवटी म्हटलं, "चूक माझी आहे."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. मला वाटलं, आता ओरडणार. तो म्हणाला, "परत एकदा म्हण."

मी म्हटलं. त्याने गिऱ्हाइकांना विचारलं की तुम्ही ऐकलंत ना, तुम्ही साक्षीदार. मग खुर्ची पुसून मला बसायला दिली आणि म्हणाला, "पन्नास वर्षं मी हिच्या तोंडून हे ऐकायची वाट बघतोय. पोराने एका पत्रात काढून दाखवलं. ह्याला काम म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? एक नाही, दोन मोसम दिले त्याला."

मी एकासाठी भांडायला गेले होते, दोन घेऊन आले. भांडावंच लागलं नाही. रस्त्यात मात्र मला रडू आलं, लाँड्रीत येईपर्यंत थांबेना. तुझं एक वर्ष मी जाळलं, भाच्या, आणि तसं दुसरं वर्ष आणून घडी घालून देता येत नाही, हे मला त्या रस्त्यात कळलं. तू पाण्यातून बाहेर येऊन माझ्यासाठी खोटं बोललास आणि स्वतःसाठी खरं बोललास. मला तुझा अभिमान वाटतो. हे मी एकदाच लिहिणार आहे, तेव्हा नीट वाच.

काल एक नवी साडी इस्त्रीखाली जळाली, करवंदाएवढी. गिऱ्हाईक आल्यावर सांगून टाकलं. ती बाई मला बरीच बोलली आणि गेली. रात्री झोप लागली.

तुझा बाप समोरच बसलाय, शेवटी काय लिहिलं म्हणून विचारतोय. त्याला सांगितलं, सर्दीची काळजी घे असं लिहिलंय. तर सर्दीची काळजी घे.

आत्या